सहा नंबर आणि टेबलबाई

कपाट उघडत नव्हतं. किल्ली तीच, कपाट तेच, सकाळचे साडेनऊही रोजचेच. पण त्या दिवशी कुलूप हट्टालाच पेटलं होतं. मी किल्ली उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली आणि शेवटी कपाटाला एक लाथ घातली.

"लाथेने नाही उघडायचं ते," मागून कोणीतरी म्हणालं. "किल्ली जरा वर उचला... अजून... हं, आता फिरवा."

मी वैतागूनच उचलली, फिरवली. खट् झालं आणि दार उघडलं.

वळून बघितलं तर कॉरिडॉरमधल्या बाकावर एक जण बसला होता. तिशीतला, उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या टोकांना काळपट डाग. मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. आणि तो हसत होता तो माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघून.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकलं ना. मधली पिन अडकतेय. किल्ली झिजलीय तुमची. माझं कुलपांचं दुकान आहे, नवीन करून देईन. पण आधी कपाटाची माफी मागा."

"कपाटाची?"

"मग काय, माझी? लाथ त्याला बसलीय."

मला हसू आलं. सकाळी साडेनऊला मला सहसा हसू येत नाही.

मी डोळ्यांच्या इस्पितळात चाचण्या घेते. आमच्या खोलीत नावं चालत नाहीत. नव्या उपचाराचा प्रयोग चालू होता, त्यात आठ जण होते, आणि चाचणी घेणाऱ्या माणसाला त्यांची नावं, पत्ते, घरची माहिती काहीही कळू द्यायचं नाही असा नियम होता. एक ते आठ असे नुसते नंबर. ओळख झाली की माणूस मार्कांच्या बाबतीत हात सैल सोडतो, म्हणून ही खबरदारी. कुलूपवाल्याच्या कागदावर सहा लिहिलेलं होतं. तो झाला सहा नंबर. मी टेबलापाशी उभी असते, म्हणून त्याने मला टेबलबाई करून टाकलं.

टेबल म्हणजे आमची सगळी इस्टेट. पांढरंशुभ्र, चार सारख्या भागांत आखलेलं. मी त्यातल्या एका भागात एखादी काळी वस्तू ठेवायची, वही किंवा टाचण्यांची डबी. मग समोरचा पडदा वर. माणसाने अर्ध्या मिनिटात वस्तूवर हात ठेवायचा. टेबल चाचपायचं नाही, हात वरूनच फिरवायचा आणि एकदाच टेकवायचा. असं वीस वेळा. आंधळेपणाने नुसता हात टाकत गेलं तरी विसांत पाच बरोबर येतात, म्हणून पाच म्हणजे शून्यच. पहिल्या दिवशी, उपचाराच्या आधी, सहा नंबरचे आले पाच.

"नापास ना?" त्याने विचारलं.

"मला बोलायला परवानगी नाही."

"म्हणजे नापास."

आजार त्याच्या आईच्या घराण्यातून आलेला. त्याच्या मामाचे डोळे असेच गेले होते, आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडांचं, मग मधलंही. सहा नंबरचं सव्विसाव्या वर्षी सगळं संपलं. हे मला कळायला नको होतं, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या त्याच्या ताईला नियम कोण सांगणार! ती बाकावर बसल्या बसल्या दहा मिनिटांत घराण्याचा इतिहास सांगून मोकळी झाली.

उपचार मात्र त्याला मोठ्या मॅडमनी स्वतः समजावून सांगितला. मोठ्या मॅडम म्हणजे या प्रयोगाच्या प्रमुख. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, त्या त्याच्या मेल्या होत्या. पण त्यांच्या मागच्या, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी शाबूत होत्या; निरोपच येत नाही म्हणून बिचाऱ्या रिकाम्या बसलेल्या. पाण्यातल्या एका बारीक शेवाळाकडे प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं, त्याच्या जोरावर ते उजेडाकडे पोहत जातं. त्या प्रथिनाची कृती, म्हणजे जनुक, एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालून डोळ्यात टोचायची. मग या मागच्या पेशी स्वतःच ते प्रथिन तयार करतात आणि प्रकाश टिपायला लागतात. पण साध्या उजेडाने त्यांचं भागत नाही, त्यांना चांगला भगभगीत नारिंगी प्रकाश लागतो. म्हणून एक जाडजूड चष्मा. त्याचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि तेच नारिंगी करून डोळ्यात सोडतो.

"म्हणजे माझ्या डोळ्यात शेवाळं धरणार," सहा नंबर म्हणाला.

"शेवाळ्याचं एक प्रथिन," मॅडम म्हणाल्या. मॅडमना विनोद कळतो, पण त्या तसं दाखवत नाहीत.

डाव्या डोळ्यात इंजेक्शन झालं. प्रथिन तयार व्हायला चार महिने वाट बघावी लागली. मग दर मंगळवारी टेबल. मंगळवार सुरू झाल्यापासून पाच महिन्यांनी मोठी परीक्षा, चष्मा चालू ठेवून आणि बंद ठेवून.

चाचणी झाली की ताई औषधं आणायला खाली जायची. तिला दहा-पंधरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ आम्ही कॉरिडॉरमधल्या मशीनची कॉफी प्यायचो. चाचणीबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, तो आम्ही अगदी कसोशीने पाळला. बाकी सगळ्याबद्दल बोललो.

"तुमच्या जुडग्यात नऊ किल्ल्या आहेत," तो एकदा म्हणाला. "त्यातल्या चार कुठल्या, हे तुम्हालाही माहीत नाही."

मी जुडगा काढून बघितला. "चूक. पाच माहीत नाहीत."

"बघा! असली माणसं काही टाकून देत नाहीत. नवरा मिळाला की सुटका नाही त्याची."

"मिळाला तर ना."

"का... शोधताय?"

"आई शोधतेय. मी फक्त नाही म्हणते."

तो कॉफी ढवळत राहिला. साखर मशीनमध्येच मिसळलेली असते, ढवळायचं काही कारण नव्हतं.

"दिसायला कशा आहात तुम्ही?" त्याने विचारलं.

"उंच, गोरी, अतिशय देखणी."

"खोटं."

"कशावरून?"

"देखण्या बायका कपाटाला लाथा घालत नाहीत."

"घालतात. त्यांच्या लाथासुद्धा बघण्यासारख्या असतात."

तो एवढ्या मोठ्याने हसला की समोरच्या खोलीतून नर्स डोकावली. मी कप तोंडाशी धरला. कान गरम झाले होते माझे, आणि त्याला ते दिसत नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

एवढं झाल्यावर घरी आई म्हणाली, "मंगळवारी जरा जास्तच नीट तयार होऊन जातेस." मी म्हटलं, "मंगळवारी मीटिंग असते." आईने भाजी निवडता निवडता फक्त 'हं' केलं. आईचा 'हं' कोर्टात पुरावा म्हणून चालेल.

आणि सहा नंबरचे आकडे चढायला लागले. सहा. आठ. अकरा. तिसऱ्या महिन्यात चौदा. मोठ्या मॅडम एरवी स्तुती करत नाहीत, त्याही म्हणाल्या, "सहा नंबर उत्तम चाललाय." बाकीचे सात जण आठ-नऊच्या पुढे सरकत नव्हते. हा म्हणजे आमचा हुकमाचा एक्का झाला.

त्याला या सगळ्याचं काय करायचं होतं, हे मला ताईकडूनच कळलं. त्यांचं घर रस्त्याच्या अलीकडे, दुकान पलीकडे. मध्ये सहा पदरी रस्ता. सिग्नल होता, त्याचा टुकटुक आवाजही होता, पण रस्त्यावर रंगवलेले पट्टे काठीला कळत नाहीत. रुंद रस्त्यावर चालता चालता माणूस कधी तिरका जातो ते त्याला समजत नाही. दोनदा तो असाच तिरका जाऊन चौकाच्या मधोमध उभा राहिला होता. तेव्हापासून ताई रोज सकाळी त्याला पलीकडे सोडायची, दुपारी आणायची. तिच्या नवऱ्याची दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी बदली झाली, ती गेलीच नाही. "जाईन की," म्हणायची. "याचं जरा मार्गी लागलं की जाईन." सहा नंबरला एवढंच हवं होतं. सूर्यास्त नको, फुलं नकोत. काळ्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसले की ताई मोकळी.

एका मंगळवारी त्याचे सतरा आले.

ताई रडली. तो टेबलाची कड घट्ट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, पुढच्या सोमवारचं तिकीट काढ. मी एकटा जाईन."

ते गेले. मी वही मिटली, गाणं गुणगुणत चष्मा चार्जिंगला लावायला गेले आणि हात तसाच थांबला. चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद होतं. आदल्या संध्याकाळी मी वायर लावली होती, बटण दाबायचं राहिलं होतं. चष्मा कॉम्प्युटरला जोडला. त्यात सगळी नोंद असते. त्या दिवशी चष्मा एक मिनिटही चालू झालेला नव्हता. बॅटरी ठार मेलेली.

बंद चष्म्यातून विसांपैकी सतरा.

आधी वाटलं, हा फसवतोय. मग वाटलं, का फसवेल? स्वतःलाच गाडीखाली घालायला? दोन दिवस हेच डोक्यात घोळत राहिलं. शुक्रवारी दुपारी दार लावून घेतलं आणि चाचण्यांची रेकॉर्डिंग लावून बसले. आमच्याकडे प्रत्येक चाचणी आवाजासकट रेकॉर्ड होते. कानाला हेडफोन, आवाज शेवटपर्यंत चढवलेला.

त्याचा हात टेबलावरून हळूहळू फिरत होता. पहिला भाग. दुसरा. आणि खोलीत आणखी एक आवाज होता... माझा श्वास. आत, बाहेर, आत, बाहेर. हात तिसऱ्या भागावर आला आणि श्वास थांबला. हात खाली. बरोबर! मग एक मोठा उच्छ्वास.

मी असे पंधरा प्रयत्न ऐकले. दर वेळी तेच. त्याचा हात योग्य जागी आला की मी श्वास रोखून धरत होते आणि कुलपातली पिन पडलेली ऐकणारा तो माणूस ते ऐकत होता. त्याची मान अजिबात हलत नव्हती. चष्म्याच्या कॅमेऱ्यात एका वेळी थोडंच मावतं, म्हणून मान डावीउजवीकडे फिरवत शोधावं लागतं, बाकीचे सातही जण तसंच करत होते. हा मात्र डावा कान माझ्याकडे करून स्तब्ध बसलेला.

मग मी बाकी सातांच्या चाचण्या लावल्या. त्यांच्या वेळी मी अगदी शांतपणे, एका लयीत श्वास घेत होते. डुलकी लागलेल्या माणसासारखी.

आणि सहा नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये कोपऱ्यात माझा चेहरा दिसत होता. तो बघून मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते. ते कळायला मला हेडफोन लावावे लागले, एवढंच.

शनिवारी सकाळी मी मोठ्या मॅडमपुढे सगळं ठेवलं. चार्जरचं बटण, सतरा, श्वास. त्यांनी दोन रेकॉर्डिंग ऐकली आणि हेडफोन काढून ठेवले.

"बाकीच्यांच्या वेळी असं होत नाही?"

"नाही. तपासलं मी."

"फक्त सहा?"

"...फक्त सहा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिले.

"असं होय," त्या म्हणाल्या. पुढचं मात्र त्यांनी कोरडेपणाने सांगितलं. सहा नंबरचे आजवरचे सगळे आकडे रद्द. मी त्याच्या टेबलावर पुन्हा उभी राहायचं नाही. सोमवारपासून चष्मा त्याच्याकडे घरी राहणार होता, तो तसाच राहील, पण फक्त सरावासाठी. मोठी परीक्षा तीन आठवड्यांनी ठरल्याप्रमाणे होईल, वस्तू दुसरं कोणी ठेवेल आणि तो आत यायच्या आधी खोलीबाहेर जाईल. "तुम्ही त्याला फसवलं नाहीत. पण उत्तरं पुरवत राहिलात, त्यामुळे त्याला शिकावंच लागलं नाही. परवा सोमवार आहे. त्याला आजच सांगायला हवं. मी सांगू की...?"

"मी सांगते," मी म्हटलं.

मॅडमनी दिलेल्या पत्त्यावरचं दुकान अगदी चिंचोळं होतं. तिन्ही भिंतींवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, मधोमध घासायचं मशीन. तो एका अर्धवट घासलेल्या किल्लीचे दाते अंगठ्याने चाचपत होता. ताई मागे स्टुलावर बसून कसली तरी यादी करत होती.

"टेबलबाई!" मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला. "इकडे कुठे? कपाटाने पुन्हा त्रास दिला?"

मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात. मध्ये थांबले असते तर जमलं नसतं.

त्याने किल्ली खाली ठेवली. मशीन बंद केलं. रस्त्यावरची वाहनं एकदम खूप जवळून जात आहेत असं वाटलं.

"म्हणजे मला काहीच दिसत नाही?"

"माहीत नाही. तेच तर कळत नाहीये. कदाचित थोडं दिसत असेल. तुम्ही कधी बघायचा प्रयत्नच केलेला नाही, सगळं ऐकत होतात."

"मी ऐकत नव्हतो!" त्याचा आवाज चढला. "शप्पथ सांगतो. हात फिरवायचो आणि एका जागी आतून कळायचं, इथे आहे. एकदम स्वच्छ कळायचं. ठिणग्या माझ्या डोळ्यांपुढे कायमच नाचत असतात, चष्मा असो नसो. मला वाटलं, हेच ते. चार वर्षं झाली हो... दिसणं कसं असतं ते विसरलो होतो मी. मला वाटलं, हे असंच असतं."

मला रडू येत होतं, पण त्या वेळी रडायचा हक्क माझा नव्हता. ताईने पर्समधून तिकीट काढलं, बघितलं आणि घडी घालून परत आत ठेवलं. "मी चहाचं बघते," म्हणून ती बाहेर गेली. शेजारी चहाचं दुकान नव्हतं.

"तुम्ही का असं केलंत?" तो म्हणाला. राग होताच, पण त्याखाली खरंच विचारणं होतं.

"मुद्दाम नाही केलं. तुमचं बरोबर यावं असं मला फार वाटत होतं."

"सगळ्यांचंच वाटत असेल."

"सगळ्यांचंच वाटतं. श्वास फक्त तुमच्या वेळी थांबतो." आता बोललेच होते, तर पुढचंही बोलले. "मी बाकी सातही जणांची रेकॉर्डिंग तपासली. त्यांच्या वेळी काही होत नाही मला. तुम्ही... मला आवडता. फार. ही वेळ नाही सांगायची, कळतं मला. पण लपवलं तर तीही एक खोटी नोंद होईल."

हाताने चाचपत त्याने ती अर्धी किल्ली पुन्हा उचलली.

"तीन आठवडे भेटायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्यावर चिडलोय म्हणून नाही. म्हणजे चिडलोयही. पण तुम्ही समोर असलात की मी तुमच्याकडेच कान लावून बसणार. मग मला दिसायचं कसं?"

"आणि... मी जे बोलले त्याचं?"

"त्याचं परीक्षेनंतर. आत्ता उत्तर दिलं तर ते रागाचं होईल, नाहीतर दयेचं. मला दोन्ही नको."

मी निघाले. उंबऱ्याशी त्याचा आवाज आला, "सांगितलंत ते बरं केलंत." त्यावर मी तीन आठवडे काढले.

फोन मात्र त्याने नवव्या दिवशी केला.

"मान दुखतेय," नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"किती वेळ फिरवता?"

"दिवसभर. दुकानातही चष्मा घालून बसतो, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. गिऱ्हाईक विचारतं, कुलूप दुरुस्त होईल का? आणि मी मान हलवतोय. दोन जण परत गेले. बाजारात बोंब झालीय की हा हल्ली सगळ्यालाच नाही म्हणतो."

मला हसू आवरेना. मग मी हळूच विचारलं, "काही... दिसतं?"

"नाही सांगणार. तुम्ही श्वास रोखलाय, इथपर्यंत ऐकू येतोय." आणि फोन ठेवला.

ते तीन आठवडे मी इतर सातांच्या चाचण्या घेतल्या, प्रामाणिकपणे, डुलकी लागल्यासारख्या. घरी आईने विचारलं, "मंगळवारच्या मीटिंगा बंद झाल्या वाटतं?" मी तिला सगळं सांगितलं. तिने कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्याला दिसलं नाही तर?" मी म्हटलं, "तरी मला तोच हवाय." आई म्हणाली, "मग तू कशाला घाबरतेस?" मी म्हटलं, "त्याच्या ताईसाठी. आणि तो त्या सहा पदरी रस्त्यात पाऊल टाकणारच आहे, त्यासाठी." आईने माझ्या ताटात नुसताच आणखी भात वाढला.

परीक्षेच्या दिवशी मी इस्पितळात होते, पण दोन मजले खाली, चष्म्यांच्या नंबरांच्या खोलीत. संध्याकाळी मोठ्या मॅडम स्वतः खाली आल्या.

"चष्मा बंद असताना पाच," त्या म्हणाल्या. "चालू असताना टाचण्यांची डबी, सहा. म्हणजे काही नाही. चालू असताना वही..." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "चौदा. खरे चौदा. मोठी, काळी, पांढऱ्यावरची वस्तू त्याला दिसते. वेळ लागतो, मान मोडेपर्यंत फिरवतो, पण दिसते. दुसऱ्या डोळ्याचं वर्षभराने बघू." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आता तो तुमचा नंबर नाही. इस्पितळाच्या मॅनेजरकडे मी तसं लिहून दिलंय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी बघणारच होते, पण त्याचा फोन आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. मी फोन करणार नव्हते, उत्तर त्याच्याकडे होतं. पाचव्या दिवशी ताईचा फोन आला, तोही स्टेशनवरून. मागे गाड्यांची घोषणा चालू होती. "मी निघाले गं. चार दिवस मी त्याच्या दहा पावलं मागे राहून बघितलं, जमतंय त्याला. आज पहिल्यांदा अगदी एकटा येईल, अडीच वाजता दुकान बंद करून. मला म्हणाला, पोचलो की फोन करतो. माझा जीव टांगणीला लागलाय. तू काही जाऊ नकोस हं तिकडे. त्याने बजावलंय." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "जाऊ नकोस म्हणून सांगितलं मी. नोंद ठेव."

अडीचला पाच मिनिटं असताना मी त्या चौकात उभी होते.

सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि रस्ता ओला होता. मला एकदम धास्ती वाटली. ओल्या रस्त्यावर आभाळ चमकतं, काळं पुरेसं काळं राहत नाही, पट्टे त्यात बुडून जातात. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. टेबल कधी ओलं नसतं.

तो आला. तो जाड चष्मा, हातात काठी. फुटपाथच्या कडेला येऊन थांबला. मी त्याच्या मागे, जेमतेम सहा-सात हातांवर, दोन बायका आणि एक सायकलवाला यांच्या आड. सिग्नल टुकटुकला. लोक निघाले. तो निघाला नाही. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. सिग्नल थांबला. वाहनं सुटली.

दुसऱ्यांदा टुकटुक झाली. त्याने एक पाऊल खाली टाकलं आणि परत घेतलं. त्याच्या मानेवर घाम दिसत होता मला. एक बस उभी होती, तिच्या दिव्यांचा उजेड पाण्यात लांबलचक पडला होता. मला कळत होतं की त्याला तोच एक पट्टा वाटतोय आणि तो चुकीच्या दिशेला आहे. पाच पावलं पुढे जाऊन त्याचा हात धरणं, एवढंच काम होतं. माझ्या आयुष्यात मला कुठलीही गोष्ट इतकी करावीशी वाटली नव्हती. मी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी हात धरला असता तर तो पलीकडे गेला असता, पण उद्या पुन्हा ताईचं तिकीट रद्द झालं असतं. मी एकदा उत्तर पुरवलं होतं. पुन्हा पुरवणार नव्हते.

बस हलली. तिच्याबरोबर तो खोटा पट्टाही गेला. तिसऱ्यांदा टुकटुक झाली आणि तो उतरला.

मी त्याच्या मागोमाग चालले. तो मान फिरवत, हळूहळू, प्रत्येक पट्ट्याशी जरा अडखळत चालला होता. मधोमध गेल्यावर तो डावीकडे तिरका व्हायला लागला. एक पाऊल, दोन पावलं... मी ओठ चावला. तो थांबला. मान पूर्ण उजवीकडे नेली, थोडी मागे आणली. मग स्वतःच वळला आणि पुन्हा पट्ट्यांवर आला. मागून एकाने हॉर्न वाजवला, दुसऱ्याने शिवी दिली. तो चालत राहिला. काठी पलीकडच्या फुटपाथला टेकली, ठक्.

तो वर चढला, खांबाला टेकला आणि खिशातून फोन काढला. "ताई, पोचलो," एवढंच म्हणाला. पलीकडून काय आवाज येत होता तो मलाही ऐकू आला. त्याने फोन कानापासून लांब धरला.

तो ठेवून झाल्यावर मी पुढे गेले.

"मी होते मागे," मी म्हटलं. "येऊ नको म्हणाला होतात, तरी आले."

तो दचकला. खरोखर दचकला, काठी हातातून सुटता सुटता राहिली.

"कधीपासून?"

"अडीचला पाच कमी होती तेव्हापासून. तुमच्या मागेच उभी होते. सहा-सात हातांवर."

"मला कळलंच नाही," तो म्हणाला.

मला आजवर अनेकांनी अनेक छान गोष्टी सांगितल्या असतील. पण त्या तिखट कानाच्या माणसाने, मी सात हातांवर असताना, माझ्याकडे लक्षच गेलं नाही असं सांगावं, यापेक्षा गोड मला काही ऐकायला मिळालं नव्हतं. इतका वेळ आवरलेलं रडू तिथे आलं. भर चौकात, लोक बघत असताना.

"रडताय?"

"हो."

"मी पट्टे शोधत होतो," तो जणू माफी मागत असल्यासारखा म्हणाला. "दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. फोन करणार होतो तुम्हाला, रोज करणार होतो. पण आधी हे एकट्याने करायचं ठरवलं होतं. ताईची जागा रिकामी झाली म्हणून तुम्हाला बोलावलं, असं व्हायला नको होतं. मला रस्ता ओलांडून द्यायला कोणी नकोय. तुम्ही हव्या आहात. पहिल्या कॉफीपासून हव्या आहात." तो थांबला, मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे केली. "पांढऱ्या भिंतीपुढे काहीतरी काळं, उभं दिसतंय. तुम्हीच का?"

"मीच. निळा ड्रेस आहे."

"उंच नाही आहात फारशा."

"नाही."

"म्हटलं होतं मी, खोटं."

मी रडता रडता हसले. रुमालाने नाक पुसलं, पर्स खांद्यावर नीट केली. चार वाजता पाच नंबरची चाचणी होती आणि मला परत जायला हवं होतं.

"माझी बस पलीकडून सुटते," मी म्हटलं. "सोडता का मला?"

त्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला. "चल," म्हणाला. "पण वेळ लागेल. मला बघत बघत जावं लागतं."

"मला घाई नाही," मी म्हटलं.

टुकटुक सुरू झाली. त्याने माझा हात घट्ट धरला, मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि मला घेऊन रस्त्यावर उतरला.